बँडवाल्या काकांचा श्वास

आमची मावशी इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत क्रियापदं सांभाळते. तिची खोड अशी की क्रियापद स्वतः करून पाहिल्याशिवाय ती त्याचा अर्थ लिहीत नाही. 'लंगडणे'च्या इंग्रजी शब्दासाठी ती दिवसभर कचेरीत लंगडली, तेव्हा बिचाऱ्या शिपायानं धावत जाऊन रिक्षा आणली. मला हा निव्वळ पोरखेळ वाटायचा.

मग काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, छातीचं ऑपरेशन झालं. काका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. डॉक्टरांनी बजावलं, फुप्फुस नीट फुललं नाही तर न्यूमोनिया होईल आणि मग काही खरं नाही. त्यासाठी प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. नळी तोंडात धरून हवा आत ओढली की त्यातले तीन चेंडू वर चढतात. नर्स ओरडायची, "इन्हेल, काका, इन्हेल!" आणि काका जीव खाऊन फुंकायचे. चेंडू ढिम्म. उभा जन्म नळी तोंडात आली की फुंकायचं, एवढंच त्या माणसाला ठाऊक!

"त्यांचं अगदीच चुकत नाही हो," मावशीतली पंडिता जागी झाली. "हा शब्द लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ एखाद्यावर श्वास सोडणं. आत घेणं हा अर्थ इंग्रजीत आला."

"मग काकांना लॅटिन दवाखान्यात हलवा," नर्स म्हणाली.

काका हसले, हसता हसता खोकले आणि टाक्यांवर हात दाबून कळवळले. मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. ती फार घाबरली होती. तिनं यंत्र घेतलं, स्वतः एकदा करून पाहिलं आणि विचारलं,

"अहो, पहिला सूर लावण्याआधी काय करता?"

"दम भरून घेतो. तोंडाच्या कडांनी. बँडमास्तरांचा हात वर गेला की."

"आणि सोडता कधी?"

"हात खाली आला की. त्याआधी सोडला तर मास्तर सोलून काढतील."

मावशीनं नळी त्यांच्या ओठांत दिली, हवा बाजूनं शिरू नये म्हणून एका हाताच्या चिमटीत ओठांच्या कडा घट्ट धरल्या आणि दुसरा हात मास्तरांसारखा वर केला.

पहिला चेंडू उडाला. दुसरा चढला. तिसराही थरथरत वर टेकला. काका डोळे वटारून तिच्या हाताकडे बघत राहिले. मावशीचे डोळे वाहत होते आणि हात काही खाली येईना.

"अहो काकू," नर्स ओरडली, "हात खाली करा! गुदमरतील ते!"