वरचे बाण, खालचे बाण

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी मी मारतहळ्ळी या उपनगरात ताईकडे राहायचे आणि बसने संस्थेत जायचे. माझं काम बीजगणितातलं. वस्तूंची एक साखळी घ्यायची आणि तिच्यावर बाणांचे दोन संच मांडायचे, एक वर, एक खाली. दोन्हींत एकच नियम: एक बाण जेवढं आणून ठेवतो, नेमकं तेवढंच पुढचा बाण पुसून टाकतो. के-ग्रुप नावाच्या रचना समजून घ्यायला एरवी टोपॉलॉजीतून मोठा वळसा घ्यावा लागतो. या दुहेरी साखळ्यांमुळे त्यांचं वर्णन निव्वळ बीजगणितात करता येतं. लांब साखळी तोडून आखूड कशी करायची, याचा एक लेमा, म्हणजे छोटं सहायक प्रमेय, मी सिद्ध केला होता. माझ्या सीनियरच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच लेमावर उभं होतं. ती निपाणीची, घरी मराठी बोलणारी. सगळे तिला कानडीत अक्का, म्हणजे ताई, म्हणायचे, मीही.

तिची तोंडी परीक्षा गुरुवारी होती. सोमवारी सकाळी बस रिंग रोडवर अडकली होती आणि मी तिचं प्रकरण मांडीवर घेऊन टायपिंगच्या चुका शोधत होते. माझ्या लेमाच्या सिद्धतेतल्या तिसऱ्या ओळीशी आले आणि तिथेच अडकले. साखळी जिथे तोडायची, तिथे वरच्या बाणाने येणारी वस्तू आणि खालच्या बाणाने येणारी वस्तू मी एकच धरली होती. के-शून्य नावाच्या ग्रुपात दोन्हींची किंमत सारखी येते, एवढंच खरं. प्रत्यक्षात त्या वेगळ्या असू शकतात.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. अक्का समोरून आली की जिना बदलायचे. ताटात अर्धं जेवण तसंच राहायचं. ताईने विचारलं तर ॲसिडिटी आहे म्हणाले. परीक्षकांच्या लक्षात येणार नाही असं मनाला सांगायचे, आणि मग आलंच तर या विचाराने तीच ओळ पुन्हा उघडून बसायचे.

बुधवारी सकाळी ती ग्रंथालयात एकटी दिसली. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि ती ओळ दाखवली. तिने दोनदा वाचली. मग विचारलं, "कधी कळलं तुला?"

आत्ताच, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"सोमवारी."

"ते दोन दिवस माझे होते गं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मग तिने कोपऱ्यातला फळा पुसला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. किंमत सारखी असलेल्या दोन वस्तूंना योग्य भर घातली की त्यांना जोडता येतं, हे तिला सुचलं. त्यामुळे लेमा वाचला, पण साखळी आम्हाला हवी होती तेवढी आखूड होईना. प्रकरणातला शेवटचा निष्कर्ष गेला.

गुरुवारी तिने परीक्षकांना ती चूक स्वतःच सांगितली, माझं नाव न घेता. मी मागच्या बाकावर होते. प्रकरण दुरुस्त करून देण्याच्या अटीवर ती पास झाली.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. "सरी," ती म्हणाली, कानडीतलं ठीक आहे, आणि आईला फोन लावायला निघून गेली. पुढे ती माझ्याशी नीटच वागली, पण तिचं लिखाण तिने मला परत कधी वाचायला दिलं नाही.