घासू नको, माय

नडगीवर आधी मुगाएवढी पुळी आली. डास चावला असंल म्हणून सोडून दिलं. आठवड्यात तिची जखम झाली, कडेनं जांभळी, मधे ओली. पट्टी सोडताना जीव जायचा.

माय म्हनली, "आत घाण बसलीय, म्हणून भरंना गेलीय." मंठाळ गावात आमच्याकडं जखम धुवायची म्हणजे लिंबाच्या पाल्याच्या कढत पाण्यानं, फडक्यानं घासून, लाल रक्त येईपर्यंत. लाल रक्त आलं की जखम साफ झाली. माय माझा पाय मांडीवर घ्यायची अन् रडत रडत घासायची. मी तिला शिव्या द्यायची. खरंच द्यायची, आता लाज वाटते. जखम तळहाताएवढी झाली. गल्लीतल्या बाया दारात येऊन सांगायच्या, पाय काढावा लागंल बघ. यांच्या जिभेला काही हाड!

शेवटी मी अन् माय कलबुर्गीला कातडीच्या डॉक्टरकडं गेलाव. त्या बाईनं पाय नीट बघितला अन् कन्नडात भलतंच विचारलं, "होट्टी हेंग अदा?" पोट कसं आहे! मी म्हटलं, चांगलंय. सहा महिन्यांपासून परसाकडला रक्त पडत होतं, दिवसातून दहादा पळत होते, पण हे मी मायलाबी सांगितलं नव्हतं. पाय दाखवायला आल्यावर पोटाचं कामून सांगायचं? तिनं पुन्हा विचारलं. मग भिंतीकडं बघत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, आतड्याला सूज असणार, तपासण्या करू. ही जखम त्याच दुखण्याची दिसते. अन् हिला घासायचं नाही, घासली की ही वाढते. कोण घासत होतं?

मायला कन्नड माझ्याइतकंच येतं. त्या वेळी वाटलं, येत नसतं तर किती बरं झालं असतं. मी मराठीत दुसरंच काही सांगितलं असतं.

बसमध्ये माय गाव येईपर्यंत हात पदराखाली घेऊन बसली.

तपासण्यांत आतड्याचंच निघालं. आता गोळ्या चालू आहेत. भरेल, वेळ लागेल, म्हणतात. पट्टी मीच बदलते, औषधाचं पाणी नुसतं वरून ओतते. माय दारात उभी राहून बघते. परवा म्हनली, "घासत न्हाई गं. नुसता पाय मांडीवर घिऊ का?"

मी न्हाई म्हटलं. भ्याले तिच्या हाताला.