नावाखालची दुसरी नोंद

ब्लाझेनाला घाम फुटला. सकाळी तिने पाठवलेल्या मेल एकेक करून परत येत होत्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच.

टात्रा पर्वताच्या पायथ्याशी गिरिमंडळाच्या कचेरीत ती एकटीच बसते. बर्फाचे कडे कोसळायचा धोका आज किती, हे रोज सकाळी मेलने कळवायचं, हे तिचं काम. मेल जाते वरच्या डोंगरघरांना, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरांना, आणि पाठीला लाकडी चौकट बांधून तिथे पाव, पिंपं, गॅसच्या टाक्या वाहून नेणाऱ्या हमालांना. तिचा धाकटा भाऊ श्टेफान त्यांतलाच. आणि या हमालांची एक आडमुठी रीत आहे. मेल आली नाही, तर कालचंच चालू समजायचं. काल धोका कमी होता. आज मात्र तिने लिहिलं होतं, दरीच्या वाटेला कुणीही जाऊ नका.

श्टेफानचा फोन लागेना. मग तिने डोंगरघर सांभाळणाऱ्या ओन्द्रेयला लावला.

"तो निघाला की खालून, मघाशीच," ओन्द्रेय म्हणाला. "तुझं काही आलं नाही, मग कालचंच ना? का गं, आवाज का असा?"

"येऊ देऊ नकोस त्याला," ती म्हणाली. दरीत शिरलेल्या माणसाला ओन्द्रेय तरी काय डोंबल अडवणार! डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या गिरिरक्षकांना तिने फोन केला, तर तेही म्हणाले, अशा हवेत दरीत माणसं पाठवता येणार नाहीत, वाट बघा. दुसऱ्या वाटेचे हमाल अजून निघायचे होते, त्यांना तिने फोन करून घरीच बसवलं.

मग चूक शोधायला बसली, आणि ती तिचीच निघाली. मंडळाचं इंटरनेटवर जे नाव आहे, डोमेन म्हणतात ते, त्याच्याखाली मजकुराच्या नोंदी असतात. त्यांतली एक जगाला सांगते की आमच्या नावाचं टपाल फक्त अमुक यंत्रांकडून येईल, बाकीचे भामटे समजा. काल मेल पाठवणारी नवी सेवा घेतली. ते म्हणाले, आमचंही नाव घाला. आणि आमच्या या ब्लाझेना बाईसाहेबांनी ते जुन्या नोंदीत घालायचं सोडून खाली दुसरी नोंद ठोकून दिली. एका म्यानात दोन तलवारी राहतात का? तशा दोन नोंदी दिसल्या की टपाल घेणारी यंत्रं दोन्ही बाद धरतात.

तिने दुसरी नोंद खोडली, नवं नाव पहिलीत घातलं, मेल पुन्हा पाठवली. ती परत आली. यंत्रं मेली जुनं उत्तर तासभर धरून बसतात. तिने पुन्हा पाठवली, पुन्हा परत. वरून गडगडल्यासारखा आवाज आला तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि उभीच राहिली. देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचलं नाही.

अखेर एक मेल गेली ती परत आली नाही. थोड्या वेळाने डोंगरघराच्या फोनवरून श्टेफान बोलत होता.

"काय गं ब्लाझे, थट्टा करतेस? मी इथे रम घातलेला चहा पितोय, आणि तुझी मेल म्हणते, दरीत जाऊ नका. अगं, आलोसुद्धा. मी वर चढलो आणि मागे अख्खा कडा खाली आला."

ती हमसून हमसून रडायला लागली. "माझं चुकलं रे. सूचना सकाळीच पाठवली होती. मी नोंद बिघडवली, म्हणून तुला मिळाली नाही."

तिकडे कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अर्ध्या वाटेत पायाखालचा बर्फ धप्पकन बसला होता, कडा सुटणार असला की बसतो तसा," तो म्हणाला. "मागे फिरणारच होतो. मग म्हटलं, काही असतं तर ताईने कळवलं असतं."