सातवा खडा

अक्काकडून फोटो आला तेव्हा मी नवीन जालन्यात बँकेच्या रांगेत होतो. मंठ्याजवळच्या तिच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंगाने फुटलेल्या काळ्या दगडात मुठीएवढी पोकळी आणि पोकळीत पितळी रंगाचे केस. खाली तिचा आवाज: "दगडाला केस आलेत बघ. सोनं तर न्हाई?"

मी रांग सोडली. भूगर्भशास्त्र शिकवण्यात नोकरी संपली. आमच्या भागातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतले पांढरे-हिरवे स्फटिक पोत्यांनी पाहिले. मिलराइट मात्र फक्त पुस्तकात. निकेल आणि गंधकाचं हे खनिज अशाच केसासारख्या सुयांनी वाढतं. लोखंडाचं पायराइटही क्वचित असं सोंग घेतं. म्हणून ताडून पाहायला पायराइटचा एक चकचकीत तुकडा, भिंग आणि टाचणी घेऊन मोटारसायकल काढली. निघताना फोन केला, "हात लावू नकोस, पाणी टाकू नकोस, फुंकरही मारू नकोस."

"बरं, जल्दी ये. आज जलपूजन हाय," अक्का म्हणाली.

जलपूजन म्हणजे काय काय होतं, याचा मी विचारच केला नाही. जेवण असेल, एवढंच डोक्यात आलं.

पोचलो तर विहिरीत पाणी गुडघाभर आणि काठावर फ्लेक्स दोन मजली. त्यावर पाहुण्या पुढाऱ्यांचा चेहरा दाजींच्या चेहऱ्याच्या तिप्पट. फ्लेक्सखाली साती आसरा मांडलेल्या. पाणी लागलं की विहिरीच्या काठावर सात खडे मांडून शेंदूर लावतात. त्या पाण्यातल्या सात बहिणी. सहांना शेंदूर लागला होता. सातवा खडा म्हणजे तो दगड, पोकळी वर करून ठेवलेला. शेजारी शेंदूर-तेलाची वाटी, भरलेला तांब्या, नारळ. सातवीला शेंदूर पाहुण्यांच्या हातून लागायचा होता.

"दाजी, तेल लागलं की सगळे केस चिकटतील. नारळाचं पाणी पडलं तर खलास."

"मास्तर, देवाला तेल लागल्यानं देव खराब झालेला ऐकलाय का कधी?" दाजी हसले. "हात लावू नका. सोन्याच्या केसांची आसरा निघाली म्हणून पाहुण्यांना सांगून बसलोय. फोटोवाला बी आलाय."

पाहुणे अकराला येणार होते, म्हणजे साडेबारापर्यंत धोका नव्हता. पुढाऱ्यांच्या उशिराबद्दल आयुष्यात प्रथमच कृतज्ञता वाटली. उकिडवा बसून भिंग लावलं, श्वास धरला, केस मोजले. चौदा. सगळ्यात कडेच्या केसाला टाचणीचं टोक टेकवलं. पायराइट असतं तर मोडलं असतं. हा वाकला आणि टाचणी काढताच सरळ झाला. टाचणी खिशात घातली.

रस्त्यावर धुरळा उठला. तीन गाड्या. फोटोवाला कॅमेरा पुसायला लागला. अक्का पदराला हात पुसत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"खरं सांग. सोनं हाय का?"

विषारी आहे म्हणावं, असं मनात आलं होतं. पण अक्कापुढे माझं खोटं लहानपणापासून टिकलेलं नाही.

"न्हाई."

"बाजारात कुणी घेईल?"

"एखादा वेडा."

"म्हंजे तूच. मंग नेऊन करणार काय?"

"हे नक्की काय आहे ते कळेल."

"बास, एवढंच?"

"एवढंच."

तिने धुरळ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. "शेंदूर लागला न्हाई तवर दगडच हाय. उचल."

"अगं, अन् चमकणारी दुसरी आणू कुठून?" दाजी ओरडले.

मी पायराइटचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उन्हात फिरवला. "हे तर जास्त चमकून राह्यलंय," ते म्हणाले आणि सातव्या जागेवर ठेवून मोकळे झाले.

दगड नेणार कशात? कापसात ठेवला तर केस कापसालाच अडकून निघतात. अक्काने पंगतीच्या पोळ्यांची कणीक स्टीलच्या डब्याच्या तळाला थापली. मी दगड तिच्यात रोवला. गाड्यांची दारं उघडली आणि मी झाकण लावलं.

पाहुण्यांनी माझ्या पायराइटला शेंदूर फासला आणि या मातीतून कष्टकऱ्याच्या हाताला सोनं कसं लागतं यावर बराच वेळ बोलले. डबा मांडीवर असल्याने मला टाळ्या वाजवता येईनात. मास्तर पहिल्यापासून माजोरी, असं मागून कुणीतरी म्हणालं.

मोटारसायकल तिथेच ठेवून एसटीने निघालो. खड्डा दिसला की डबा दोन्ही हातांनी अधांतरी धरायचो. जालना येईपर्यंत खांदे भरून आले. कंडक्टरने विचारलं, "काका, कालवण सांडून राह्यलं का?"

घरी दार लावलं, पंखा बंद केला, झाकण काढलं. दोनदा मोजले. चौदा.

नक्की कळायचं तर एक मोडावा लागणार होता. तो निर्णय घ्यायला मला आठ दिवस लागले. शेवटी टाचणी टेकवलेलाच केस काढला आणि विद्यापीठात यंत्रावर तपासायला पाठवला. उत्तर आलं: निकेल आणि गंधक, लोखंड नाही. मिलराइट.

मी अक्काला फोन केला.

"सोनं न्हाई ना निघालं?"

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर परत मागावं लागलं असतं."