खंडेनवमीला सर्व्हर लाल झाला

मंडळी, तुमचे सर्व्हर आज सुखरूप आहेत ना? आमच्या साताऱ्याच्या कारखान्यातला सगळ्यांदेखत 'मेला' होता.

आज खंडेनवमी. लेथपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं बंद करून पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या. मग सिक्युरिटीचे मानेकाका, रिटायर्ड सुभेदार, यांनी नारळ फोडला आणि मेन स्विच एका दणक्यात चालू केला.

सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या पीसीची स्क्रीन लालभडक! 'सर्व्हर बंद.'

साहेब तडकले. "पुढच्या वर्षी कॉम्प्युटरची पूजा बंद!"

काकांचा चेहरा पडला. कॉम्प्युटर मी सांभाळते, म्हणून मलाच विचारलं, "ताई, माझ्या हातनं काय इपरीत झालं का वो?"

काहीच झालं नव्हतं. देखरेखीच्या सॉफ्टवेअरची ही जुनीच खोड आहे. सर्व्हरला उठायला वेळ लागतो. पीसी त्याच्या आधी उठला, की सॉफ्टवेअर सर्व्हरला बंद समजतं आणि तेच धरून बसतं. मी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. स्क्रीन हिरवी.

"काका, थोरला उठायच्या आधीच धाकट्याला उठवलं आपण."

"आसं व्हय! मंग मान चुकला की!" काकांनी कुंकवाचं बोट सर्व्हरवर एकदा टेकवलं, पीसीवर दोनदा. कुणाला आधी उठवायचं, ते आता कुणालाही कळेल.

साहेबांनी वाकून ठिपके पाहिले. म्हणाले, "हे कुणी पुसू नका."

सॉफ्टवेअरवाल्यांची दुरुस्ती येईल तेव्हा येईल. तोवर आमच्याकडं कुंकू आहे. तुमच्याकडं काय आहे?