बेटाचा कागद

शिरपूरच्या अलीकडे तापीच्या पात्रात, आमच्या गावासमोर, एक लहानसं बेट होतं. दर पुरात त्याची एक बाजू खचायची आणि दुसरीकडे वाळू साचायची. पाणी ओसरलं की आबा, म्हणजे माझे आजोबा, तिथे वाळूत चर खणून टरबुजाच्या वेली लावत.

बेट आपलं कसं झालं, हे ते मला दर सुट्टीत सांगत. आधी ते कुणाचंच नव्हतं. मग आबांच्या आजोबांनी एका इंग्रज साहेबाला पुरातून नावेने पार नेलं आणि साहेबाने बेट लिहून दिलं. पुढे एका जिनिंगवाल्या शेठने हक्क सांगितला, मोजणीला माणसं पाठवली. कागदावरचा शिक्का बघूनच ती परत गेली. वाचला कुणीच नाही.

वडील धुळ्याला फिटर होते, सातवी शिकलेले. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आबांना झाला. मी बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात त्यांनी पत्र्याच्या नळीतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आबांना विचारून टरबूज लावणारे नाना शेजारी बसले होते.

"आबा, नात साहेबीण व्हई गई. आते तिलेच तलाठी करा," नाना म्हणाले.

"मनी नातले बठ्ठं समजस. वाच, बाई. काय लिखेल शे?" आबा म्हणाले. मला सगळं समजतं, याची त्यांना खात्रीच होती.

इंग्रजी अक्षर वळणदार होतं, पण मला लागलं. नाव चालू आहे तोवर नावाड्याने बेटावर पेरावं. नाव बंद झाली की जमीन सरकारकडे परत. एवढंच होतं. पूल माझ्या जन्माआधीच झाला होता. आमची नाव घरामागे पालथी पडली होती, तिच्याखाली कोंबड्या बसत.

चारचौघांत बोलायला मला तेव्हाही जमत नसे. आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. खरं काय लिहिलंय ते सांगायचं, तर ते नानांसमोर सांगावं लागणार होतं. मी म्हणाले, "आपलंच आहे, आबा."

नंतर आम्ही दोघंच असताना सांगेन, असं मी ठरवलं होतं. सांगितलं नाही.

दोन वर्षांनी गावात दवंडी झाली. नदीतल्या जमिनी सरकार वर्षाच्या पट्ट्याने देणार होतं. आधीपासून पिकवणाऱ्याला पहिला मान, पण अर्ज मुदतीत हवा. नानांनी अर्ज केला. आबांना म्हणाले, "तुम्हीबी अर्ज टाका." आबा हसले. आपलीच वस्तू आपण का मागायची, म्हणाले. मी तिथेच भाकरी खात होते. तेव्हा बोलले असते तरी वेळ होती.

मुदत गेली. पूर्ण बेटाचा पट्टा नानांच्या नावावर झाला. आबा नळी घेऊन तहसील कचेरीत गेले आणि मला सोबत नेलं. तिथल्या साहेबांनी कागद वाचला आणि सावकाश मराठीत सांगितला. मग विचारलं, "हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नव्हतं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जुना कागद शे, साहेब. अक्षरं पुसाई गयात," ते म्हणाले. "पोरनी चूक नही."

अक्षरं पुसली नव्हती. साहेबांनी आत्ताच वाचली होती. कागदाची गुंडाळी करून त्यांनी परत दिला.

बेट पुढे नानांकडेही राहिलं नाही. वाळूचा लिलाव झाला आणि ठेकेदाराच्या ट्रॅक्टरांनी दोन-तीन वर्षांत ते उचलून नेलं. आता पुलावरून बघितलं तर तिथे नुसतं पाणी दिसतं.

पण मला आठवतो तो, आम्ही तहसील कचेरीत गेलो त्याच सुट्टीतला एक दिवस. आबांना खोकला झाला होता. औषधाच्या बाटलीवर सगळं इंग्रजीत होतं. मी त्यांच्या शेजारी ओसरीवर बसले होते आणि बाटली घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे, बाई," आबा म्हणाले. बाटली खिशात घालून ते चपला शोधू लागले. "कंपाउंडरले इचारी येस."

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. ऊन फार होतं.