दीड एमएम टायटॅनियम, चेरीताल

ज्या घरात एक रिटायर्ड फिटर आणि एक बेरोजगार फिटर सोबत राहतात, तिथं किस्से गोळा करावे लागत नाही. कानशीच्या बुराद्यासारखे ते आपोआप खाली पडून राहतात. आई रोज झाडते, तरी उरतात.

रिटायर्ड म्हणजे बाबा. डिफेन्स फॅक्टरीत पस्तीस वर्षं. बेरोजगार म्हणजे मी. आयटीआय, अप्रेंटिसशिप, मग घर.

*

एका प्रायव्हेट कंपनीत फिटरची एक जागा निघाली. आम्ही नऊ जण गेलो. साहेबानी प्रत्येकाला टायटॅनियमचा दीड एमएमचा एक पत्रा आणि एक ड्रॉइंग दिलं. पंधरा दिवसांत घरी पीस कापून आणा. फक्त हातानी. हेक्साची करवत, कानस, बस.

"मशीन लगाई तो बाहर. और पत्रा एक ही मिलेगा. बिगाड़ा तो घर बैठो!"

मी म्हटलं, "सर, घरीच बसलो आहे. तिथूनच कापतो."

साहेब हसला नाही. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

*

पहिल्या दिवशी मी अंगणात पत्रा धरायला वाइस लावला आणि हेक्सा जोरात चालवला. दहा मिनिटांत ब्लेडचे दात गेले. पत्र्यावर फक्त एक ओरखडा.

बाबा खुर्चीवर पेपर वाचून राहिले होते. म्हणाले, "लोखंड समजून राहिला का? हळू चालव. दाबून. तेल टाक."

"काहून?"

"नुसतं घासलं की अजून कडक होते. तुझ्या आईसारखं."

आतून आवाज आला, "पस्तीस वर्षं नुसतं घासून कोण राहिलं, ते पण सांगा पोराला!"

बाबांनी पेपर उलटा धरला.

*

बंटी माझा मित्र. बी.ई. मेकॅनिकल, सध्या लोकांच्या घरी बिर्याणी पोचवतो. ओमती मोहल्ल्यातून तो कोणाचा तरी कापायचा ग्राइंडर घेऊन आला.

"दो मिनट का काम है यार! कौन देखेगा?"

मी म्हटलं, पीसला हात लावायचा नाही, कापून उरलेल्या तुकड्यावर पाहू. पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, एकदम दिवाळी. मग खाली पडलेल्या बुराद्यानी पेट घेतला. बंटी बादली घेऊन धावला.

"पाणी नाही! अजून भडकेल!" बाबा ओरडले. आईची मिठाची बरणी उचलून त्यांनी सगळं मीठ त्यावर उपडं केलं. विझलं.

आई म्हणाली, "आता भाजीत काय टाकू?"

बाबा बंटीला म्हणाले, "तू इंजिनियर आहेस ना?"

"हां अंकल."

"डिलिव्हरी चांगली करत असशील."

बंटी दोन दिवस आला नाही.

*

टायटॅनियम गॅसवर तापवलं की जांभळं होते. निळं पण होते. मी एक तुकडा रंगवला. शेजारच्या जोशी काकूंनी विचारलं, हे काय?

मी हसू दाबून सांगितलं, "शनीचा धातू, काकू. नोकरीसाठी. शनिवारी पोराच्या उशीखाली ठेवायचा."

काकू तुकडा घेऊन गेल्या. त्यांचा पोरगा सहा वर्षांपासून रेल्वेची परीक्षा देऊन राहिला होता. पुढच्याच आठवड्यात त्याचं सिलेक्शन झालं!

काकू नारळ घेऊन आल्या. माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता माझ्या उशीखाली दोन तुकडे आहेत.

*

पीस कापून झाला. साइज बरोबर. मग कानस.

बाबा रोज संध्याकाळी पीसच्या कडेला काटकोनाचा गुण्या लावायचे आणि खिडकीसमोर धरायचे. कड सरळ असली की मधून उजेड येत नाही.

"उजेड दिसते," बाबा म्हणायचे.

मी पाहायचो. दिसत होता. पण कड सरळच होती. रिटायर झाल्यापासून बाबांचा हात थरथरतो. गुण्या हलून राहिला होता, उजेड तिथून येत होता.

तरी मी "हो बाबा, अजून घासतो," म्हटलं.

जास्त घासलं तर साइज जाते. म्हणून सगळ्यात बारीक कानशीला खडू लावून नुसती फिरवायचो. चार दिवस. साइज गेली नाही, पण कड आरशासारखी झाली. हेक्साचा एक दात कुठं लागला, ते मला पण सांगता आलं नसतं.

पाचव्या दिवशी बाबांनी गुण्या लावला, मग तो बाजूला ठेवून कडेवर नुसतं बोट फिरवलं आणि आंघोळीला गेले. म्हणजे पास!

*

साहेबानी व्हर्नियर लावून साइज मोजली. दोनदा. मग कडेवर बोट फिरवलं.

"कौनसी दुकान से कराया? लेज़र है?"

"हाथ से किया, सर."

"तो हाथ के निशान कहाँ हैं?"

"निकाल दिए, सर."

"क्यों?"

याचं उत्तर आयटीआयमध्ये शिकवत नाही. मी म्हटलं, इथंच कापून दाखवतो. साहेब म्हणाला, टायटेनियम महंगा है.

मग त्यानी दुसऱ्या एका पोराचा पीस उचलला. वाकडा, कडेला दात. "इसको देखो! इसमें ईमानदारी दिखती है."

जागा त्याला भेटली. माझा पीस साहेबानी ठेवून घेतला. टेबलावर, सॅम्पल म्हणून. पुढच्या वेळी पोरांना दाखवायला, की काम ऐसा होना चाहिए.

घरी आलो तर बाबा फाटकातच उभे.

"काय म्हणाले?"

"मशीननी कापला म्हणाले."

"मशीननी?"

"लेज़रनी."

बाबा आत गेले. मग चप्पल घातली, स्कूटर काढली आणि अर्धा किलो खव्याची जलेबी घेऊन आले. चेरीतालच्या आमच्या आख्ख्या गल्लीत वाटली. प्रत्येक दारात एकच, "साहेब ओळखू नाही शकला! पोराचा हात मशीन समजला!"

जोशी काकूंनी दोन जलेब्या घेतल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांना विचारलं, "चलो, छान झालं! मग जॉइन कधी करून राहिला?"

बाबा म्हणाले, "कुठं?"